कंबरेखालचं दुखणं आणि रोजची दहा मिनिटं

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. त्या निमित्ताने आज आम्ही हप्ते आणि व्याज बाजूला ठेवून कंबरेविषयी बोलणार आहोत. तसा हाही हिशेबच आहे. आमच्या गटांच्या वह्या उघडल्या, तर आजारपणासाठी उचललेल्या कर्जांत कंबरदुखी पुन्हा पुन्हा दिसते.

कंबर दुखते असं आपण सगळ्याच म्हणतो. पण नेमकं कुठे, असं विचारलं की हात पाठीवरून मोघम फिरतो. आज ऐकता ऐकता एक करा. हात मागे न्या. कंबरेच्या खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बऱ्याच जणींना लहानशा खळ्या लागतील. त्या खळ्यांच्या आसपास आत दोन सांधे असतात. त्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात, डॉक्टर थोडक्यात एस. आय. जॉइंट म्हणतात. कण्याच्या खालच्या टोकाशी एक त्रिकोणी हाड असतं. त्याच्या दोन्ही अंगांना कंबरेची मोठी हाडं जिथे जुळतात, तो हा सांधा. वरच्या धडाचा सगळा भार याच दोन सांध्यांतून पायांकडे उतरतो.

हा सांधा दुखतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच बाजूला दुखतं. बाई बोट ठेवून जागा दाखवू शकते. कळ कुल्ल्यात, मांडीच्या मागे, कधी जांघेत जाते. अंथरुणात कूस बदलताना, बसलेलं उठताना, पायरी चढताना, एका पायावर भार आला की चमक मारते. जुनाट कंबरदुखीच्या शंभर रुग्णांत साधारण १५ ते ३० जणांचं दुखणं या सांध्यातून येतं, असं अभ्यासक सांगतात. तरीही आपल्याकडे सगळ्याला एकच नाव: ‘मणक्यात गॅप’.

बायकांना हा त्रास जास्त का? गरोदरपणात बाळाला वाट मिळावी म्हणून शरीरातल्या संप्रेरकांमुळे या सांध्याला बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल पडतात. पोटाचं वजन पुढे येतं. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कुल्ल्याचे स्नायू अशक्त राहिले, तर दुखणं लांबतं. त्यात सव्वा महिना सरला की आपण पुन्हा कामाला. लेकरू कायम एकाच कडेवर, घागर त्याच बाजूला, भांगलताना एकाच पायावर जोर. पाय घसरून कुल्ल्यावर आपटलं, तरीही हा सांधा दुखावतो.

आता एक गैरसमज. ‘हाड सरकलंय, बसवून घे’ असं सांगणारे गावोगाव भेटतात. हा सांधा मुळातच अगदी थोडा हलतो, दोन-चार मिलिमीटर. तो दुखतो, ताठरतो, त्याच्यावर ताण येतो. पण मोठा अपघात झालेला नसेल, तर तो जागेवरून निघून पडत नाही. तेव्हा जोराचे हिसके देऊन घेऊ नका. दुसरा सल्ला त्याहून वाईट: ‘कंबर दुखते ना, मग पिशवी काढून टाक.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तो आपण विसरलेलो नाही. मैत्रिणींनो, या सांध्याचं दुखणं पिशवी काढून जात नाही.

मग जातं कशाने? बहुतेकींचं फिजिओथेरपीने कमी होतं. तिथे काय होतं ते आधी माहीत असलं म्हणजे आपण फसत नाही.

पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टने आपल्याला झोपवून, पाय वाकवून, कंबरेच्या हाडांवर दाब देऊन तपासलं पाहिजे. अशा पाच-सहा चाचण्या असतात. एकीवरून निदान होत नाही. तीन किंवा जास्त चाचण्यांत आपलं नेहमीचं दुखणं जागं झालं, तर या सांध्यावर संशय पक्का होतो. एक्स-रे पुष्कळदा अगदी ठीक येतो. याचा अर्थ बाई सोंग करते असा नाही.

उपचाराचे तीन भाग. पहिला, दुखणं शांत करणं: शेक, यंत्राचा सौम्य करंट, हाताने स्नायू मोकळे करणं. याने बरं वाटतं, पण ते थोडा वेळ टिकतं. दुसरा, सांध्याला आधार: अरुंद पट्टा. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा भाग म्हणजे व्यायाम. सांध्याला धरून ठेवणारे पोटाचे, पाठीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट झाले, की सांध्यावरचा ताण उतरतो.

आमच्या एका गटातल्या ताईंनी कर्ज काढून यंत्राच्या वीस बैठका घेतल्या. रोज एसटीने जायचं, पालथं झोपायचं, यंत्र लावायचं, परत यायचं. व्यायाम एकही शिकवला गेला नाही. बैठका संपल्या आणि पंधरा दिवसांत दुखणं परत. पुढे सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात त्यांना पाच व्यायाम शिकवले, कागदावर चित्रं काढून दिली. दोन महिन्यांनी ताई भांगलायला उभ्या राहिल्या. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. म्हणून आम्ही सांगतो, पहिल्याच भेटीत विचारा: मी घरी काय करायचं?

सर्वसाधारणपणे शिकवले जाणारे व्यायाम सांगतो. तुमच्यासाठी कोणते, हे तपासणाऱ्याकडून ठरवून घ्या. गरोदर मैत्रिणींनी तर विचारल्याशिवाय करू नयेत.

सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीला. बेंबीखालचं पोट हळूच आत ओढा आणि कंबरेचा खळगा जमिनीला टेकवा. पाच अंक मोजा, सोडा. श्वास रोखायचा नाही. हे दहा वेळा. त्याच स्थितीत दोन गुडघ्यांमध्ये उशी धरून दाबा, पाच अंक, दहा वेळा. मग दोन्ही पायांवर सारखा भार देत कुल्ले वर उचला, हळू खाली आणा. शेवटी कुशीवर झोपा, गुडघे वाकवा, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडा. दोन्ही कुशींवर दहा-दहा वेळा. दुखणं वाढलं आणि दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर व्यायाम कमी करा आणि विचारा. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका.

पट्टा वापरायचा तर तो पोटावर नाही, खाली कुल्ल्यांभोवती, मांडीची हाडं बाजूला लागतात त्याच्या जरा वर बांधायचा. काम करताना, चालताना घालायचा, झोपताना काढायचा. स्नायू बळकट झाले की सोडायचा.

बाकी बिनपैशाचं. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी किंवा गोधडीची घडी ठेवा. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकत्र वळवा. सलवार घालताना बसा, एका पायावर उभ्या राहू नका. कडेवरचं मूल उतरवत चला किंवा छातीशी धरा. एक मोठा हंडा उचलण्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान कळशा घ्या.

काही लक्षणं दिसली तर मात्र व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. ताप येतो, वजन घटतं, रात्री विश्रांतीतही दुखतं. पायातली ताकद जाते. मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो, तेव्हा तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि चाळिशीच्या आतल्या मुलीला किंवा मुलाला महिनोन्‌महिने सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडत असेल, हालचालीने मोकळी होत असेल, तर तो सांध्यांचा वाताचा आजार असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधं वेगळी.

शेवटी खरी अडचण. व्यायाम सोपे आहेत, दहा मिनिटं मिळत नाहीत. बाई दिवसा सतरंजीवर आडवी झाली की घरात भुवया उंचावतात. म्हणून आमच्या काही गटांनी मासिक सभेच्या आधी सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचं ठरवलं. सासूबाई सोबत आल्या, त्यांनीही केले, मग घरात कुणी विचारेना. तुमच्या गटातही हा विषय या महिन्याच्या सभेत घ्या. कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी आशाताईंना विचारा, जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी मिळते. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो आणि खर्च खाजगीच्या मानाने फारच कमी येतो.

हप्ता आपण एक दिवस चुकवत नाही. ही दहा मिनिटंही तशीच पाळू या.