प्रमुखपदाची दोन वर्षे : डॉ. द्वारकानाथ कोटणीस
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



एखादा गृहस्थ मोठ्या रुग्णालयाचे प्रमुखपद तीस-पस्तीस वर्षे सांभाळून निवृत्त होतो, त्याला शाल, श्रीफळ व मानपत्र अर्पण केले जाते, आणि त्याच्या कारकीर्दीचे वर्णन करण्याचे काम कोणा वक्त्याकडे येते. कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय दिला तो असाच होता : रुग्णालयाच्या प्रमुखाची कारकीर्द. परंतु आम्ही ज्यांची निवड केली आहे, त्यांच्या वाट्याला निवृत्तीचे श्रीफळ आलेच नाही. त्यांचे प्रमुखपद पुरती दोन वर्षेही टिकले नाही. ते आपल्या ज्ञातीत जन्मले नव्हते हे आम्ही जाणतो. ते सोलापूरचे होते, एवढे नाते आम्हांस पुरेसे वाटते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीस होते. त्या काळी सोलापूरच्या मुलास डॉक्टर व्हावयाचे तर गाव सोडणे भागच होते. आपल्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ साली. द्वारकानाथांनी मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. पुढील शिक्षणाचा विचार चालू असतानाच चीनवर जपानचे आक्रमण झाले. चिनी सेनापती चू तेह यांनी वैद्यकीय साहाय्याची विनंती पंडित नेहरूंकडे केली आणि राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरविले. डॉ. अटल त्याचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले कोटणीस हे इतर चौघे. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे पोहोचले.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परत जाण्यास कोणी हरकत घेतली नसती. ते गेले नाहीत.

पुढे ते उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी कामाची घडी बसविली होती. परंतु शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मृत्यू पावले होते. त्यांच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय चालू होते, त्याचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांची नेमणूक झाली. वय अवघे तीस वर्षांचे.

हे रुग्णालय कसे होते, हे येथे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. १९४६ साली निघालेल्या शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे डॉ. कोटणिसांचे नाव घरोघर पोहोचले खरे, पण चित्रपटात प्रमुखाच्या नित्याच्या कामाला कितीसा वाव मिळणार? रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी इमारत, फाटक आणि नावाची पाटी उभी राहते. येथे यांपैकी काहीच नव्हते. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांतून ठेवलेले असत. शत्रूची मोहीम जवळ आली की रुग्ण, शस्त्रे, औषधे व विद्यार्थी या सर्वांसह रुग्णालयच दुसऱ्या गावी हलवावे लागे. जखमींना खाटेवरून वाहून नेणारे गावकरीच असत. नाकेबंदीमुळे औषधे मिळण्याची मारामार. पट्ट्या धुऊन पुनःपुन्हा वापरावयाच्या. अशा स्थितीत प्रमुखाने स्वतः शस्त्रक्रिया करावयाची, साहाय्यक घडवावयाचे, आणि उद्या कोणत्या वाटेने निघावयाचे याचाही हिशेब ठेवावयाचा.

यांतील साहाय्यक घडविण्याचे काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. शिकलेले डॉक्टर त्या डोंगरांत मिळणे अशक्यप्राय होते, म्हणून खेड्यांतील तरुणांनाच शिकवून तयार करावे लागले. त्यासाठी कोटणीस चिनी भाषा बोलावयास व लिहावयास शिकले आणि त्या भाषेतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. दुभाष्याच्या तोंडून शिकविता येत नाही असे नाही, पण भर शस्त्रक्रियेत दुभाष्याची वाट कोण पाहणार?

आपल्या मंडळात धर्मार्थ दवाखान्याचा ठराव दरवर्षी मांडला जातो व इमारत-निधीच्या आकड्यापाशी येऊन थांबतो, हे सभासदांस ठाऊकच आहे. कोणास दोष देण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. परंतु या ठरावात दोन परिचारिका, एक औषधनिर्माता आणि त्यांना शिकविणारा जाणता डॉक्टर यांचा उल्लेख इमारतीच्या आधी यावा, असे हे चरित्र वाचताना आम्हांस वारंवार वाटले. उद्याच्या सभेत ठराव येईल तेव्हा आम्ही तशी दुरुस्ती सुचविणार आहोत.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन्ही आजोळांची नावे एकाच हाकेत यावीत, अशी ही योजना! पण बापाला ती हाक फार दिवस मारता आली नाही. अपस्माराचे झटके येत असतानाही त्यांनी काम सोडले नव्हते. त्याच व्याधीने ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. तोही पुढे वैद्यकाचाच अभ्यास करीत असता १९६७ साली ऐन तारुण्यात गेला. क्वो छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

बेथ्यून यांच्या नावाचे ते रुग्णालय पुढे डोंगरांतून शिजियाझुआंग शहरात आले व मोठे झाले. त्याच शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणिसांची समाधी आहे. आपल्या येथे भय्या चौकातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. मंडळाच्या विद्यार्थ्यांची सहल दरवर्षी दूरदूर जाते. हे घर तर शहरातच, रेल्वे स्टेशनपासूनही फार लांब नाही.

मृत्यूसमयी ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहीत होते. ते अपुरे राहिले.