व्हिटॅमिन डी : खानदान, बुरखा आणि ऊन

(कासारवाडीतील युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)

 

व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट कमी आला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. घरचे म्हणतात, "खानदानातच आहे." बाहेरचे म्हणतात, "बुरख्यामुळे झालं." मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडे तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून ही दोन्ही वाक्यं तपासून पाहू.

आधी खानदान. ऊन लागल्यावर त्वचेत डी तयार होतं, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि एक प्रथिन ते रक्तातून वाहून नेतं. या तिन्ही टप्प्यांवर जनुकांचा हात असतो. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने सुमारे 34 हजार युरोपीय वंशाच्या लोकांचा अभ्यास छापला. प्रतिकूल जनुकं सर्वाधिक असलेल्यांना कमतरतेचा धोका जवळपास दुप्पट होता. पण माणसामाणसांतल्या फरकापैकी या जनुकांचा वाटा जेमतेम 1 ते 4 टक्के निघाला. 2020 मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात अशा 143 जागा सापडल्या. तरी सर्वसामान्य जनुकीय फरकांचा एकूण वाटा सुमारे 13 टक्केच. तेही युरोपीय लोकांत. ते आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याला वारशाने मिळालेली सावळी त्वचा मात्र नक्की मोजा. तिला डी बनवायला ऊन जास्त वेळ लागतं.

एक अपवाद आहे. काही दुर्मीळ मुडदूस आजार आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते. मुलाचे पाय वाकत असतील आणि नेहमीच्या औषधाने फरक पडत नसेल, तर हे डॉक्टरांना जरूर सांगा.

आता बुरखा. अंग झाकलं की ऊन कमी लागतं, हे खरं. पण गोष्ट तिथे संपत नाही. दिल्लीत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर आणि नर्स यांच्यातही डी फार कमी आढळलं; उघड्यावर राबणाऱ्या सैनिकांत ते बरंच जास्त होतं. पुण्यातल्या पुरुषांवरच्या 2018 मधल्या अभ्यासानुसार पुरेशी पातळी राखायला रोज तासाभराहून जास्त ऊन लागतं.

एवढं ऊन आपल्याकडे कोणाला मिळतं? चाकणच्या कंपनीची बस अंधारात पकडणाऱ्या भावाला नाही, एसीत बसणाऱ्या मला नाही आणि दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्या अम्मीलाही नाही. काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कोवळ्या उन्हाचाही फारसा नाही. डी बनवणारे किरण दुपारच्या आसपास जास्त असतात.

म्हणून तीन गोष्टी करू. घरातल्या बाईचं अंग दुखतंय, थकवा जात नाही, तर "वयच झालं" म्हणून टाळू नका. वायसीएममध्ये किंवा जवळच्या डॉक्टरकडे न्या. साठ हजार युनिटची पुडी मनानेच सुरू करू नका, कारण जास्त डोसने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. दूध आणि तेल घेताना पाकिटावर निळं '+एफ' चिन्ह बघा. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं.

आणि आपल्या सोसायट्यांमधली गच्चीची कुलपं उघडून घ्या. दुपारी एक वेळ फक्त बायकांसाठी ठेवा. त्यांना पडदा आणि ऊन यांतलं एकच निवडायला लावू नका. जनुकं बदलता येत नाहीत. गच्चीची किल्ली कोणाकडे असावी, हे मात्र आपल्या हातात आहे.