पाठांतराच्या पलीकडचे बुद्धिबळ

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



बुद्धिबळाचे नियम सर्वकाळ एकच नव्हते. भारतातील जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, मात्र राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. अविभाजित पंजाबातील सुलतान खान याच पद्धतीवर वाढले. पाश्चात्त्य नियम त्यांनी तरुणपणी आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. आरंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यांच्यापाशी बेताचेच होते. पटाची जाण मात्र सखोल होती.

पुढे आरंभीच्या चाली पाठ करण्याचे प्रस्थ वाढले. त्यावर उपाय म्हणून माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९९६ साली नवा प्रकार मांडला. त्यात प्यादी नेहमीच्या जागी राहतात, मागच्या रांगेतील मोहरे मात्र चिठ्ठ्या टाकून, दोन्ही बाजूंना सारखेच मांडतात. दोन उंट भिन्न रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढीच अट. अशा ९६० मांडण्या होतात. त्या साऱ्यांची तयारी मुखोद्गत करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. पहिल्या चालीपासून विचार करावाच लागतो.

संगणकाची वाटचालही उद्बोधक आहे. १९९७ साली गॅरी कास्पारोव्ह यांना हरवणाऱ्या डीप ब्ल्यूला आरंभीच्या चालींचे भांडार माणसांनी सिद्ध करून दिले होते. २०१७ साली पुढे आलेल्या अल्फाझिरोला केवळ नियम दिले गेले. स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून ते शिकले. म्हणूनच २०२० साली माजी जगज्जेते व्लादिमीर क्रामनिक यांच्या सहभागाने, किल्लेकोटाविना बुद्धिबळासह नऊ प्रकार त्याच्याकरवी पारखता आले. प्रत्येक नव्या नियमासाठी हे बलाढ्य यंत्र पुन्हा बिगरीत बसले!

विरोधाभास असा, की आज खेळाडू ज्या चाली घोकतात, त्यांतील कित्येक सॉफ्टवेअरनेच शोधलेल्या असतात. चाल यंत्र सांगते. तिचे कारण खेळाडूलाच उमगावे लागते. समोरच्याने अनपेक्षित चाल केली, की उसने ज्ञान तेथेच संपते.

शाळेत घोकलेली अनेक उत्तरे माजी विद्यार्थी आज विसरले असतील. विचार करण्याची सवय मात्र आयुष्यभर सोबत राहिली असेल. पालकांनी एखाद्या संध्याकाळी मुलांसमवेत चिठ्ठ्या टाकून पट मांडावा. त्या डावात वडीलधारे आणि मूल, दोघांनाही पहिली चाल नवीच असेल.