वर्णभेद आणि आपला उंबरठा

(मठाच्या वर्धापन महोत्सवात केलेले भाषण)



ज्याचे सारे आयुष्य यंत्रशाळेत गेले, अशा माणसास या पवित्र स्थानी बोलावयास पाचारण करावे, हा स्वामीजींचा लोभ होय. कन्नडमध्ये बोलू की मराठीत, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आईशी ज्या भाषेत बोलत होता, त्या भाषेत बोला." म्हणून मराठीत बोलतो. कन्नड बांधवांनी गोड मानून घ्यावे.

वर्णभेद हा विषय मी ग्रंथांतून शिकलो नाही. एका दारात उभा राहून शिकलो. १९७२ साली नोकरीनिमित्त मी इंग्लंडात होतो. एके ठिकाणी खोली रिकामी असल्याचे दूरध्वनीवरून कळले, म्हणून भर पावसात चालत गेलो. दार उघडणाऱ्या वृद्ध बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि खोली नुकतीच गेल्याचे सांगितले. खिडकीतील पाटी मात्र तशीच होती. भाड्याने घर देताना वर्णावरून भेद करू नये, असा कायदा त्या देशात १९६८ सालीच झाला होता. मी वळलो, तोच बाईंना काय वाटले कोण जाणे, त्यांनी मला थांबविले आणि दारातच चहा आणून दिला. तो पिऊन मी निघालो.

त्या रात्री घरी पत्र लिहिले. त्यात संताप ओतावयाचे काही बाकी ठेवले नाही. धाकट्या बहिणीच्या हस्ताक्षरात आईचे उत्तर आले. इकडची खुशाली, पाऊसपाणी आणि शेवटी एक प्रश्न : "कपबशी त्यांच्या घरातलीच होती का रे?"

आईने भोळेपणानेच विचारले होते. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आमचे घर भालकी तालुक्यातील. घरी एक सालगडी होते. मला त्यांनी खांद्यावर बसवून शेत दाखविले, पोहावयास शिकविले. त्यांची कान तुटलेली कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असे. ते ती स्वतः विसळून पुढे धरीत आणि आई वरून चहा ओती. बावीस वर्षे हे चालले. आणि त्याच घराच्या ओसरीवर श्रावणात हरळय्यांची कथा होई! बाराव्या शतकात, येथून जवळच्या कल्याणात, समगार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मणकुळातील मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला आणि त्यापायी दोन्ही पित्यांना देहदंड भोगावा लागला, असे परंपरा सांगते. ती कथा ऐकताना आईचे डोळे भरून येत. सालगडी अंगणात, खालच्या पायरीपाशी बसून ऐकत. हरळय्यांच्याच ज्ञातीचे होते ते.

त्या परक्या बाईंनी मला घर नाकारले, पण पेला दिला. आम्ही आमच्या माणसाला आयुष्यभराचे काम दिले, पण पेला दिला नाही. यात अधिक दोषी कोण, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला. तो सुटत नाही.

जात आणि वंश या एकच गोष्टी नव्हेत, हे मी जाणतो. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात साधार खोडून काढले आहे. परंतु दारात उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात जे तुटते, ते मात्र निराळे नसते, असे मला वाटते.

वर्णाचे म्हणाल, तर तो आपल्यालाही परका विषय नाही. बिदरच्या किल्ल्याच्या पूर्वेस हबशीकोट नावाची टेकडी आहे. तिच्यावर हबशी सरदारांच्या कबरी आहेत. बहामनी दरबारात परदेशांतून आलेले आफाकी आणि येथले दख्खनी असे दोन तट होते, आणि आफ्रिकेतून आलेले हबशी दख्खन्यांच्या, म्हणजे आपल्याच, बाजूचे मानले जात. पुढे अहमदनगरची निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. १६२६ साली तो वारला, तेव्हा दख्खनात त्याच्या तोडीचा मुत्सद्दी क्वचितच असेल. ज्या मातीने अशा माणसाचे नेतृत्व मान्य केले, त्याच मातीत आज गोऱ्या सुनेसाठी जाहिराती दिल्या जातात. कातडीचा रंग हा ऊन आणि पिढ्या यांचा खेळ आहे. आपणा सर्वांचे आदिपूर्वज आफ्रिकेतलेच, हे शास्त्राने दाखवून दिले आहे. तरी काय उपयोग? आपल्याच राज्यात, बेंगळुरूत, २०१६ च्या जानेवारीअखेर एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्त्री दगावली, आणि जमावाने मागून आलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला मारहाण केली. तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता. तिचा रंग पुरेसा झाला. ती बातमी वाचताना मला इंग्लंडातील ते दार आठवले. पण या वेळी मी दाराच्या आतल्या बाजूला होतो.

मी १९७६ साली परतलो. पहिल्याच सकाळी सालगड्यांना स्वयंपाकघरात बोलावून घरातल्या कपात चहा दिला. आई काही बोलली नाही. ते उंबरठ्याशीच थबकले. "असू द्या, धनी," म्हणाले, आणि गोठ्यात जाऊन आपली कपबशी घेऊन आले. मी फार आग्रह केला. मग त्यांनी माझा कप घेतला, पण तो पिताना त्यांचा हात कापत होता. मला वाटले होते, त्यांना आनंद होईल. वास्तविक तो चहा मी माझ्यासाठी दिला होता, हे त्यांना माझ्या आधी कळले असावे. पुढच्या वर्षी ते वारले. क्षमा मागावयाची राहिली.

आज दुपारी येथल्या दासोहाच्या पंगतीत जेवलो. शेजारी कोण बसले आहे हे कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही. पण नावावरून, बोलण्याच्या ढंगावरून, अंदाज घेण्याची माझ्या मनाची खोड सत्तरी उलटली तरी गेलेली नाही. स्वामीजींच्या समोर खोटे कसे बोलू? पहिला घास घेण्याआधी मी तो अंदाज घेतला होता.