म्हाताऱ्या पावसाचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. रात्री दोनला जाग आली तरी ट्रकचा आवाज कानावर असतोच. लहानपणापासून त्याची इतकी सवय, की कधी रस्ता बंद पडला तर उलट झोपमोड होते. दुसरी सवय आभाळाकडं बघण्याची. मृग निघाला की चहाच्या टपरीवर, मशिदीच्या ओट्यावर, तहसीलसमोरच्या बाकड्यावर एकच बोलणं चालतं : औंदा कसं काय?

२०२३ च्या जूनमध्ये पावसानं चांगलीच ओढ दिली होती. जुलै अर्धा सरला तरी शेतातली ढेकळं फुटली नव्हती. तशात गडहिंग्लजच्या एका कवीमित्राचा फोन आला. म्हणाला, ‘ये इकडं, तुला पाऊस दाखवतो.’ जत्रेत हत्ती दाखवतात तसा हा पाऊस दाखवणार! पण मी गेलो. एसटीनं सोलापूर, तिथून कोल्हापूर, मग गडहिंग्लज. आजऱ्याला घनसाळ तांदळाचा भात जेवलो आणि पुढं निघालो, तेव्हा आजूबाजूचा हिरवा रंग डोळ्यांना जाणवेनासा झाला, कारण दुसरा रंगच उरला नव्हता.

आंबोली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, सावंतवाडीच्या वरच्या अंगाला. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडं सात-आठशे झाला तर लोक पेढे वाटतात. आम्ही पोचलो तो रविवार होता. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, गाड्यांत गाणी, भाजलेली कणसं, अंगाला चिकटलेल्या कपड्यांनी फोटो काढणारी तरुण मंडळी. मला त्यांचा राग नाही आला. पाणी बघितलं की माणूस नाचणारच. पण आम्हाला तिथं थांबायचं नव्हतं. मुख्य रस्ता सोडून आम्ही चौकुळकडं वळलो.

चौकुळ म्हणजे डोंगराच्या घड्यांत विखुरलेल्या वाड्या. गाडीतून उतरलो तेव्हा मित्र म्हणाला, ‘ऐक, किती शांत आहे!’ मी ऐकलं. शांत कुठलं? कौलांवर पाऊस वाजत होता, पागोळ्या खालच्या दगडावर आपटत होत्या, व्हाळ दोन्ही काठ भरून ओरडत चालला होता. रातकिड्यांनी तर भरदुपारीच सूर धरला होता. नव्हता तो फक्त माणसाचा आवाज. आपण शहरवस्तीतली माणसं शांत म्हणतो, ते बहुतेक एवढ्याच अर्थानं.

ज्यांच्याकडं उतरलो ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. या भागात फौजेत गेलेल्यांची घरं जागोजागी आहेत. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि ते मला पावणे. ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकून बसलो, कुळथाची पिठी आणि भात पुढ्यात आला, आणि मी म्हटलं, ‘काय जबरदस्त पाऊस आहे हो!’ काका हसले. ‘ह्यो म्हातारो पाऊस. तरणो होऊन गेलो.’

पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, हे आमच्याकडंही सगळे शेतकरी म्हणतात. माझे वालिद घरात दखनी बोलायचे, पण नक्षत्रं मराठीतच मोजायचे. पेरणीला दुसरं पंचांग कुठलं? मात्र आमच्याकडं तरण्यातही दम नसतो आणि म्हातारा बरेचदा वाटेतच बसतो. हा म्हातारा असा, तर तरणा कसा असेल, या विचारानं मी रात्रभर कौलांकडं बघत पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी घर दाखवलं. मला वाटतं, गाव बघायचं तर देऊळ आणि धबधबा नंतर, आधी घराची मागची पडवी बघावी. तिथं छपरापर्यंत रचलेला लाकूडफाटा होता. पिंपात तांदूळ, डब्यांत कुळीथ, सुकी मासळी, वाळवलेली आमसुलं, मीठ, मिरची. याला तिकडं आगोट म्हणतात. मे महिन्यात ही खरेदी आणि साठवण सुरू होते. घर शाकारायचं, कौलं फिरवायची, पावसाच्या बाजूला झापांचा आडोसा बांधायचा, गुरांच्या पेंढ्या उंचावर ठेवायच्या. चार महिने सूर्य दिसेलच याची खात्री नाही, असं धरून केलेली ही तयारी. आम्ही दुष्काळाची बेगमी करतो, ते पावसाची करतात. घरात कणग्या मात्र सारख्याच.

वहिनी म्हणाल्या, ‘पावण्यांका पाऊस बरो वाटता, चार दिवस. आमका अंथरुणाक बुरशी येता.’

वाडीतून फेरी मारताना मी घरं मोजली. दर दोन-तीन घरांमागं एक बंद. अंगणात गवत वाढलेलं, दाराला कुलूप, तुळस मात्र कोणीतरी शेजाऱ्यानं साफ केलेली. माणसं कुठं आहेत? मुंबईत, पुण्यात, गोव्यातल्या कारखान्यांत, सीमेवर. काकांचा एक मुलगा फौजेत, दुसरा गोव्यात नोकरीला. ‘चतुर्थीक येवा, बघा कसो गलबलो आसता,’ काका म्हणाले. म्हणजे मित्राला आवडलेली ती शांतता अशी तयार झालेली. आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला टोळ्या निघतात. पोरं पुण्याला आणि हैदराबादला जातात. तेव्हा आमच्या वस्त्याही अशाच शांत होतात. तिथं मात्र कुणी शांतता ऐकायला येत नाही, कारण धबधबा नाही.

त्या रात्रीचं बोलणं विसरता येत नाही. आदल्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. त्याआधी २०२१ ला तळिये, २०१४ ला माळीण. पाऊस थोडा वाढला की काका उठून दाराशी जायचे, बॅटरीचा झोत वरच्या उतारावर टाकायचे आणि परत यायचे. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, व्हाळाच्या पाण्याचा रंग बदलला, झऱ्याला एकदम माती आली की सावध व्हायचं. आणि मग त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्याकडे तो भूकंप झाल्लो ना?’

झाला होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. जवळपास आठ हजार माणसं गेली. औसा आणि उमरगा हे तेव्हाचे दोन तालुके सर्वांत जास्त भरडले गेले. मी तेव्हा विशीत होतो. दगड-मातीच्या जाड भिंती, ज्या उन्हाळ्यात गारवा द्यायच्या, त्याच अंगावर आल्या. हे मी सांगत होतो तोवर काकांनी विडी विझवली. म्हणाले, ‘तुमच्याकडे जमीन हलता, आमच्याकडे ती खाली येता.’ मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

जमिनीवरून आणखी एक गोष्ट निघाली, ती मला ठाऊकच नव्हती. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत संस्थानकाळापासून कबुलायतदार गावकर पद्धत होती. सावंतवाडी संस्थानाला गावकरांनी सगळ्या गावाच्या वतीनं कबुलायत लिहून द्यायची, सारा भरायचा आणि जमीन गावानं मिळून कसायची. एकेकट्याच्या नावावर काही नाही. पुढं सातबारावर सरकारचं नाव लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या हातात कागद उरला नाही. कर्जाला, घराला, काजूची बाग लावायला, कशालाच तारण दाखवता येईना. कित्येक दशकं हा प्रश्न मंत्रालयाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. मी म्हटलं, आता होईल की काही. काका म्हणाले, ‘सातबारो हातात पडलो काय मगे खरा.’ आमच्याकडं उलट. सातबारा प्रत्येकाच्या ट्रंकेत, आणि सख्ख्या भावाभावांत हातभर बांधावरून कोर्टकचेऱ्या. काकांना ते ऐकून फार मौज वाटली. एवढ्या कोरड्या मातीसाठी भांडता, म्हणाले.

आता पाण्याचा हिशेब. हा मला कवितेपेक्षा महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. लोक फलाटावर हार घेऊन उभे होते. आता आंबोलीच्या एका एकराचा हिशेब करा. सात हजार मिलिमीटर म्हणजे एका एकरावर एका पावसाळ्यात २ कोटी ८० लाख लिटर पाणी. तशा ५६ रेल्वेगाड्या, एका एकरावर! हे मी चुलीपाशी बसून वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि मोठ्यानं वाचलं. वहिनी भांडी घासत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘आणि चैतात हंडो घेऊन खालच्या झऱ्यार मीच जातंय.’

कोकणातल्या डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि विसरतो. उतार तीव्र आणि जांभा दगड चाळणीसारखा. जितक्या घाईनं पाणी येतं तितक्याच घाईनं ते घाट उतरून समुद्राला मिळतं. पाऊस भरपूर पडणं वेगळं आणि घरात पाणी असणं वेगळं.

मग मी आमच्या एकराचा हिशेब केला. साडेसातशे मिलिमीटर धरला तरी एका एकरावर ३० लाख लिटर. सहा रेल्वेगाड्या! तेवढं पाणी दरसाल आमच्याही अंगणात उतरतं आणि आम्ही ते ओढ्याला सोडून देऊन बोअर मारत बसतो. बोअरची खोली काकांनी विचारली. सहाशे-सातशे फूट सांगितली तर म्हणाले, ‘तेवढा खणला तर आमी खाली दाणोलीत जाऊन पडू!’ दाणोली म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव.

तिसऱ्या संध्याकाळी आंबोलीकडं परतलो तेव्हा मित्रानं बेडूक दाखवायला नेलं. हसू नका. आंबोली बेडकांसाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. झाडावरून झाडावर तरंगत जाणारा मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. आंबोलीच्याच नावाचा एक झुडपी बेडूक आहे. वाघासारखे पट्टे असलेल्या भेकाची शास्त्रीय नोंद २००९ मध्ये झाली. बॅटरीच्या उजेडात एक हिरवागार उडता बेडूक पानावर बसला होता, डोळे अर्धे मिटून, एखाद्या पीरासारखा निवांत.

त्याच्याकडं बघताना मला आमची धोंडी आठवली. पाऊस लांबला की आमच्याकडं पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधतात, काठीला बेडूक लटकवतात आणि दारोदार पाणी मागत फिरतात. ओतलेल्या पाण्यात पोर भिजतं आणि बेडूक बहुधा मरतो. त्याच दिवसांत ईदगाहवर पावसासाठीची नमाज होते. इमामसाहेब अंगावरची चादर उलटी करून पांघरतात, की अल्ला, आमची हालतही अशीच उलटी कर. दोन्हीकडं मी लहानपणी गेलोय. बेडकाचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

निघण्याआधी हिरण्यकेशीच्या उगमावर गेलो. गुहेतून पाणी येतं, शेजारी महादेवाचं देऊळ. इथल्या पाण्यात सापडलेल्या एका नव्या प्रजातीच्या माशाला २०२० मध्ये या नदीचंच नाव मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. कुंडाजवळ बसून मी विचार करत होतो, हे पाणी जातं कुठं? घाटाच्या काठावर जन्मूनही ही नदी पश्चिमेला समुद्राकडं न जाता पूर्वेला वळते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. घरी आल्यावर नकाशा काढून बसलो. आमच्या तालुक्यातली बेनितुरा कर्नाटकात जाऊन कागिणा नदीला मिळते, कागिणा भीमेला आणि भीमा रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला. म्हणजे चौकुळच्या शेजारचं पाणी आणि उमरग्याचं पाणी शेवटी एकाच पात्रात येतं.

मला ते इतकं आवडलं की लगेच काकांना फोन लावला. ऑगस्टचा मधला आठवडा होता. देशभर कोरड्या गेलेल्या ऑगस्टचा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, नद्यांची नावं पुन्हा विचारली, आणि म्हणाले, ‘मगे तुमच्या बेनितुराक आता किती पाणी आसा?’

मी म्हटलं, ‘काका, डबकी आहेत.’