प्रतिपिंडांचे पत्ते



गोवराची लस टोचलेल्या मुलाच्या रक्तात त्या रोगाशी झुंजणारी प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती बनविण्याची कृती शरीरात कोठे लिहिलेली आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, हे विद्यार्थ्यांनी वाचले असेलच. प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीची जनुके १४ व्या गुणसूत्राच्या टोकाशी आहेत. हलकी साखळी दोन प्रकारची; कॅपाची जनुके २ ऱ्या, तर लॅम्डाची २२ व्या गुणसूत्रावर. हे पत्ते १९७९ ते १९८२ च्या सुमारास लागले. त्यासाठी माणसाची व उंदराची पेशी एकजीव करीत. अशा पेशीतून माणसाची गुणसूत्रे हळूहळू गळत जातात. कोणते गळाले की कोणती साखळी बंद पडते, ते पाहायचे! हिशेब साधा, चिकाटी मात्र मोठी.

आता जंतू अगणित, आणि आपली जनुके जेमतेम २० हजार. मग भागते कसे? सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दाखविले की ही जनुके सुट्या तुकड्यांत असतात. बी-पेशी घडताना निवडक तुकडे कापून जोडते. गोधडीगत प्रत्येकीचा नमुना निराळा. याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण कात्री चालते तेथे घातही होतो. डेनिस बर्किट या शल्यवैद्याने युगांडातील मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. तो बी-पेशींचा कर्करोग होता. पुढे त्या पेशींत ८ व्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा १४ व्यावर, क्वचित २ ऱ्या किंवा २२ व्याशी अदलाबदल झालेला दिसला. आकडे ओळखीचे वाटतात ना? १९८२ मध्ये उलगडा झाला. पेशीला 'वाढ' म्हणणारे मिक नावाचे जनुक ८ व्यावर असते. ते प्रतिपिंडांच्या मोहल्ल्यात येऊन पडते, आणि बी-पेशीत तो मोहल्ला रात्रंदिवस जागा! मग मिकलाही झोप नाही.

पालकहो, आफ्रिकेबाहेर हा रोग बहुधा पोटात आढळतो. मुलाच्या पोटात किंवा जबड्यात भराभर वाढणारी गाठ दिसली तर आठवडाभरही थांबू नका. आज गाठीचा तुकडा तपासताना हीच अदलाबदल शोधतात, आणि वेळेवर योग्य औषधोपचार मिळालेली बहुतेक मुले बरी होतात.