नोंद कुणाच्या हाती?



साहित्याच्या मांडवात बियाण्याचा कायदा कशाला, असे कुणाला वाटेल. पण जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उभे राहून मला दुसरा विषय सुचत नाही. भारतातल्या खासगी बियाणे उद्योगाची एक मोठी पेठ इथे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून. तो वाण दिल्लीच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने तयार केला होता, सरकारी पैशातून. बारवाल्यांचे कर्तृत्व त्याने तसूभर कमी होत नाही. पण पाया मोकळ्या, सर्वांच्या ज्ञानाचा होता, एवढे आपण लक्षात ठेवावे.

मग आली बीटी कपाशी. २६ मार्च २००२ रोजी केंद्राने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्यातले बोंडअळीला मारणारे जनुक मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचे. पुढच्या तीन-चार वर्षांत ४५० ग्रॅमची पिशवी १६०० रुपयांच्या वर गेली, आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाचे शुल्क म्हणून कापला जाई. या पहिल्या पिढीच्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतेच. तरी शुल्क घेतले गेले, कारण जनुक ज्याच्या ताब्यात त्याच्याशी करार केल्याशिवाय ते कुणाला मिळत नव्हते. आंध्र सरकार २००६ साली मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा भाव ७५० वर आला. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किमतीचे नियंत्रण हाती घेतले. शुल्क पिशवीमागे ४९ रुपयांवर आले आणि २०२० साली शून्य झाले.

सरकारने हात घातला नसता तर शेतकऱ्याला कुणी विचारले नसते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण किंमत ठरवणारा हात आणि परवानगी अडवणारा हात एकच असतो. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेली तणनाशकसहनशील कपाशी जाहीरपणे पेरली. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात अशा गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. जनुकबदल केलेल्या बियाण्याची तपासणी झालीच पाहिजे, अशा मताचा मी आहे. मात्र वर्षानुवर्षे निर्णय द्यायचा नाही, कारणे सांगायची नाहीत आणि मग पेरणाऱ्यावर गुन्हा नोंदवायचा, याला मी तपासणी म्हणणार नाही.

पेटंटचा वाद न्यायालयातही गेला. वनस्पती, बियाणे आणि वाण यांवर पेटंट नाही, असे आपल्या पेटंट कायद्याचे ३ (जे) हे कलम सांगते. मग बियाण्यात घातलेल्या जनुकाचे काय? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८ साली मोन्सँटोचे दुसऱ्या पिढीच्या जनुकावरचे पेटंट रद्द ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि पुरावे नीट तपासून खटला चालवा म्हणून तो परत पाठवला. पुढे पक्षकारांनी आपसात मिटवले. ज्या प्रश्नावर देशातल्या प्रत्येक कपाशीवाल्याचा खिसा अवलंबून होता, त्याचे कायद्यातले उत्तर आजही मिळालेले नाही. तोवर गुलाबी बोंडअळीने या तंत्रज्ञानालाच दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भाने ते भोगले.

आता आपल्या बाजूचा कायदा पाहा. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१ सालचा. त्याचे ३९ वे कलम जगात दुर्मीळ आहे. नोंदणीकृत वाणाचे बी सुद्धा शेतकऱ्याने राखावे, पेरावे, वाटावे, विकावे. फक्त संरक्षित वाण म्हणून चिठ्ठी लावून पिशवीबंद करून विकू नये. आणि ज्या शेतकऱ्याने नवा वाण काढला, त्याला संशोधकाइतकाच मान आणि हक्क. कागदावर यापेक्षा अधिक काय मागावे? पण कपाशीचे जवळजवळ सगळे बियाणे संकरित. त्याची सरकी राखून पेरली तर पुढच्या साली झाडे एकसारखी येत नाहीत, उतारा घटतो. कायद्याने दिलेला हक्क पिशवीच्या आतच संपतो. म्हणून बी राखून पेरता येणाऱ्या सरळ वाणांचे संशोधन सरकारी विद्यापीठांनी नेटाने केले पाहिजे.

दादाजी खोब्रागडे यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक. १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्याने त्या निवडून राखल्या, वाढवल्या. बाजारात तो तांदूळ एचएमटी या घड्याळाच्या नावाने गाजला. कृषी विद्यापीठाने बियाणे नेले, शुद्ध केले आणि पीकेव्ही-एचएमटी म्हणून प्रसारित केले. दादाजींना २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान मिळाला, पण दूरवर पसरलेल्या वाणाचा मोबदला मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांनी निवड केली त्या साली हा कायदा नव्हता, आणि त्यांच्या हातात तारीख घातलेला कागदही नव्हता.

मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. बौद्धिक संपदेच्या कायद्याला स्मरण चालत नाही, नोंद लागते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही तिचा इतिहास कागदावर मांडता आला म्हणून. आणि ही गोष्ट अंतरवाली सराटीला मी काय समजावणार! २०२३ साली या गावातल्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणानंतर कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मोडी, उर्दू, फारसी दप्तरे उघडली गेली, निजामकाळातल्या एकेका शब्दासाठी माणसे अभिलेखागारांच्या पायऱ्या झिजवू लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने काय लिहिले आणि काय लिहायचे सोडले, यावर आजच्या पोरांचे भवितव्य कसे टांगते, हे या गावाने पाहिले.

नोंद असून भागत नाही, ती लोकांना वाचता आली पाहिजे. ही दुसरी बाजूही याच गावाची. त्याच आंदोलनाच्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, या गावाच्या अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद झाले. इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजीच बजावले आहे, की असे आदेश सकारण असावेत, तात्पुरते असावेत आणि प्रसिद्ध करावेत. प्रसिद्ध म्हणजे कुठे? दुकान बंद ठेवावे लागलेल्या माणसाला आदेश मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचता आला पाहिजे. तेव्हाच त्याला आव्हान देता येईल.

म्हणून लिहिणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा राज्यभर या वह्या भरल्या गेल्या. तुमच्या गावची वही मागून घ्या, वाचा. घाईत भरली असेल तर पुन्हा भरा: ज्वारीचा कोणता वाण, कुणाच्या रानात, कोणत्या आजीने कणगीत राखला, कोणत्या साली, कुणाला दिला, भाकरी कशी होते, कडबा किती उंच होतो. नाव, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि ती माहिती बाहेर द्यायची की नाही, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या आजीचा आणि गावाचा, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या. ज्यांच्याकडे असे वाण आहेत, त्यांना शेतकरी वाण म्हणून नोंदणीचा अर्ज भरून द्या. शेतकऱ्याला त्याची फी माफ आहे. यंदाच्या खरिपाआधी प्रत्येकाने आपल्या गावातून निदान एक अर्ज पाठवावा.